मांजरासाठी घरगुती खाऊ : घटक निवडताना घ्यावयाची काळजी



जेथे साठवण आहे तेथे उंदीर आहेत आणि जेथे उंदीर आहेत तेथे मांजर हवेच. धान्याची कोठी, कांदाचाळ, गोठ्याशेजारची पेंडीची खोली या सर्वांची राखण मांजर बिनपगारी करीत असते. गाईला खुराक किती द्यावा, शेळीला कोणता पाला चालतो, कोंबडीच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा किती असावा हे आपण विचारून, मोजून ठरवितो. मांजराच्या वाट्याला मात्र ताटात उरलेले येते. काही जण तर मुद्दाम उपाशी ठेवतात, म्हणजे उंदीर जास्त मारेल असा हिशेब असतो. हा हिशेब बरोबर नाही. शिकार करण्याची ओढ आणि पोटातील भूक या मांजराच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलेले मांजरही उंदरावर झडप घालते, आणि चांगले पोसलेले मांजर घर सोडून जात नाही.

अलीकडे दुसराही बदल दिसतो. शहरात नोकरीला असलेल्या मुलामुलींच्या घरात मांजर पाळले जाते. विकतचे खाद्य महाग पडते म्हणून कोंबडीचे सुके तुकडे, अंड्याच्या वड्या, सुकटीची बिस्किटे असा खाऊ घरीच करून पाहिला जातो. गावाकडेही हौसेने असे पदार्थ होऊ लागले आहेत आणि काही भगिनींच्या मनात ते करून विकण्याचाही विचार असेल. हेतू चांगलाच आहे. परंतु आपल्या स्वयंपाकघरात चवीसाठी जे जे घालण्याची सवय हाताला लागलेली असते, त्यातील काही घटक मांजराच्या जिवावर बेतू शकतात. त्यात पहिला क्रमांक लागतो तो आपल्या सर्वांत लाडक्या पिकाचा, म्हणजे कांद्याचा.

कांदा आणि लसूण

नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांत कांदा पिकतो आणि साऱ्या महाराष्ट्रात तो खाल्ला जातो. कांद्याशिवाय रस्सा नाही, आणि रश्शात कालवलेली भाकरी किंवा पोळी हे घरच्या मांजराचे नेहमीचे जेवण. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडतो.

कांदा, लसूण, कांद्याची पात हे सर्व एकाच कुळातील आहेत. त्यांचा उग्र वास आणि चव ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येते, ती द्रव्ये मांजराच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर आघात करतात. बिघडलेले हिमोग्लोबिन पेशीत गोळा होऊन बसते. या गोळ्यांना ‘हाइंझ बॉडी’ म्हणतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशीच्या कडेला ठिपक्यासारख्या दिसतात. अशा पेशी शरीर टिकू देत नाही, त्या फुटतात किंवा प्लीहेत मोडल्या जातात. परिणामी जनावराला रक्तक्षय होतो.

हे माणसाला का होत नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर रक्ताच्या घडणीत आहे. गंधकयुक्त द्रव्ये हिमोग्लोबिनच्या ज्या जागांवर आघात करतात, त्या जागा बहुतेक प्राण्यांत दोन असतात, कुत्र्यात चार आणि मांजरात आठ. शिवाय मांजराची प्लीहा बिघडलेल्या पेशी गाळून काढण्यात मंद असते. त्यामुळे कुत्रा जे पचवून जातो त्यानेही मांजर आजारी पडते. कुत्र्यामध्ये दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यावर रक्तात लक्षणीय बदल दिसतात. मांजरात हेच ५ ग्रॅमला दिसू शकतात.

हा आकडा आपल्या घरच्या मापात बसवून पाहू. गावाकडचे मांजर बहुधा तीन-साडेतीन किलोचे असते. तीन किलोच्या मांजराला १५ ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा सहावा-सातवा हिस्सा पुरेसा होतो. आता कोंबडीचा रस्सा घ्या. त्यात १०० ग्रॅमचे चार कांदे वाटून घातले आणि रस्सा वीस वाट्या झाला, तर प्रत्येक वाटीत २० ग्रॅम कांदा आला. एक वाटी रस्सा पोळीत कालवून मांजराला घातला की मर्यादा ओलांडली गेली. लसूण त्यात वेगळाच, आणि तो कांद्याहूनही तीव्र मानला जातो. रोज थोडे थोडे दिले तरी धोका टळत नाही, कारण रक्तपेशींची हानी साठत जाते.

‘शिजवल्यावर उग्रपणा जातो, मग काय बिघडते?’ असे अनेक जण म्हणतात. नाकाला जाणवणारा उग्रपणा कमी होतो हे खरे, परंतु रक्ताला अपाय करणारा गुण शिजवून, तळून किंवा वाळवून जात नाही. उलट वाळवल्याने तो एकवटतो. ताज्या कांद्यात सुमारे ८५ ते ८८ टक्के पाणी असते. म्हणजे एक ग्रॅम कांद्याची पूड साधारण सात-आठ ग्रॅम ताज्या कांद्याइतकी झाली. तीन किलोच्या मांजरासाठी दोन ग्रॅम पूड, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी, धोक्याची ठरते. अमेरिकेत आजारी, न खाणाऱ्या मांजरांना लहान मुलांसाठीचे मांसाचे तयार बाळअन्न चाटविण्याची पद्धत होती व काही बाळअन्नांत चवीसाठी कांद्याची पूड असे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी याचा अभ्यास करून १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कांद्याची पूड घातलेले अन्न खाणाऱ्या मांजरांच्या रक्तात हाइंझ बॉडी वाढलेल्या आढळल्या.

आपल्याकडे हीच पूड तयार सूप, चौकोनी मसाला वड्या, शेवयांबरोबर येणारी मसाल्याची पुडी, चिवडा, फरसाण आणि चिकन मसाला यांत असते. तेव्हा खाऊ चविष्ट व्हावा म्हणून सूपाची वडी पाण्यात विरघळवून त्यात मांस शिजविणे हा प्रकार पूर्ण टाळावा. मांजरासाठी मांस किंवा मासे काढावयाचे तर फोडणी देण्यापूर्वी, वाटण लावण्यापूर्वी काढावेत. रश्शातील तुकडा धुऊन देणे उपयोगाचे नाही.

या विषबाधेची खरी अडचण अशी की लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत. एक-दोन दिवसांपासून चार-पाच दिवसांनी मांजर मलूल होते, खाणे सोडते, धाप लागते, हिरड्या व जीभ पांढरट किंवा पिवळसर दिसतात, लघवी तांबूस-काळसर होते. रविवारच्या रश्शाचा आणि बुधवारच्या आजाराचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. ‘मांजराला काहीतरी चावले’ म्हणून विषय संपतो.

मांजर हे शाकाहारी होऊ शकत नाही

खाऊत काय घालू नये हे पाहण्यापूर्वी मांजराला काय लागते ते समजून घेतले पाहिजे. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरीला सरावला. मांजराचे शरीर मात्र आजही मांसावरच चालते. टॉरिन नावाचे द्रव्य कुत्रा स्वतःच्या शरीरात तयार करतो, मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही. ते मांस, मासे, विशेषतः हृदय या अवयवात भरपूर असते. धान्यात व डाळीत ते नसल्यासारखेच. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होऊन ते आंधळे होऊ शकते, ही गोष्ट १९७५ मध्ये सिद्ध झाली. पुढे १९८७ मध्ये पॉल पायॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हृदय पसरट व दुबळे होण्याचा मांजरांतील एक आजारही याच उणिवेमुळे होतो. त्यानंतर कारखान्यात तयार होणाऱ्या मांजर-खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले.

गाजर, भोपळा यांतून आपल्याला अ जीवनसत्त्व मिळते, कारण आपले शरीर त्यातील पिवळ्या रंगद्रव्याचे जीवनसत्त्वात रूपांतर करते. मांजराला हे जमत नाही. उकडलेला भोपळा बोटभर घातल्याने नुकसान नाही, पण त्याने पोषण होईल असे समजू नये. गुळाचेही तेच. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या जोडीतील एक जनुक मांजरांत निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. खाऊत गूळ किंवा साखर घालणे ही करणाऱ्याचीच हौस, मांजराला तिचा पत्ताही लागत नाही.

ज्या घरात मांसाहार नाही तेथे मांजराला दूध-भात, दूध-पोळी घातली जाते. शेतावरचे मांजर उंदीर, सरडे, पक्षी मारून आपली उणीव भरून काढते, म्हणून आजवर हे चालून गेले. चौथ्या मजल्यावर दारे बंद करून ठेवलेल्या मांजराला ती सोय नाही. त्याला केवळ दूध-पोळीवर ठेवणे हा अन्यायच आहे, असे स्पष्ट सांगावेसे वाटते. मांस शिजविणे घरात चालत नसेल तर तयार मांजर-खाद्य आणावे. कुत्र्याचे खाद्य किंवा कुत्र्याची बिस्किटे हा त्याला पर्याय नाही.

दूध, अंडी, मासे, कलेजी

मांजर आणि दूध यांची जोडी गोष्टींत पक्की बसली आहे. पिलू मोठे झाले की त्याच्या आतड्यातील दुधातील साखर पचविण्याची शक्ती कमी होते आणि अनेक मांजरांना दुधाने ढाळ लागते. ज्याला सोसते त्याला दोन चमचे द्यावे, पण पाण्याची वाटी वेगळी हवीच.

अंडे हा उत्तम घटक आहे, मात्र शिजवून. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून टाकते. शिजविल्यावर हा दोष जातो व कच्च्या अंड्यातील रोगजंतूंचीही भीती राहत नाही.

माशांबाबत कोकणातील वाचकांना अधिक सांगावयास हवे. तारलीसारखे काही समुद्री मासे आणि गोड्या पाण्यातील कटल्याच्या कुळातील काही मासे यांत थायामिनेज हे विकर असते. असे मासे रोज कच्चे घातल्यास ब-१ जीवनसत्त्व नष्ट होऊन मांजर मान खाली वाकवते, झोकांड्या खाते, त्याला झटके येतात. मासे शिजविल्यास हे विकर निष्प्रभ होते. दुसरे असे की तारली, बांगडा अशा तेलकट माशांवरच मांजर ठेवले तर इ जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते, दुखते, हात लावू देत नाही. म्हणून मासे आठवड्यातून एक-दोन वेळा खाऊ म्हणून द्यावेत, रोजचे जेवण म्हणून नव्हे. सुकट, जवळा घालावयाचा असेल तर वाळू व मीठ जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत धुवावा, भिजवावा, उकडावा आणि ते पाणी टाकून द्यावे. मीठ लावून सुकविलेला बांगडा देऊ नये.

कलेजी मांजराला अतिशय आवडते. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की महिनोन् महिने रोज खाल्ल्यास मानेच्या मणक्यांवर हाड वाढून ते एकमेकांना चिकटतात व मांजराला मान वळवता येत नाही. आठवड्यातून एकदा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे.

हाडे : शिजविलेल्या हाडाच्या तीक्ष्ण चिरफळ्या होतात, घशात किंवा आतड्यात रुततात. ती खाऊत मुळीच नसावीत.

इतर टाळावयाचे घटक

चॉकलेट व कोको यांत थिओब्रोमिन, चहा-कॉफीत कॅफिन असते. दोन्ही मांजराच्या हृदयाला व मज्जासंस्थेला घातक आहेत. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची अनेक उदाहरणे आहेत. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडले. मांजरात अशी उदाहरणे थोडी आहेत, तरीही नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी लाडू-शिऱ्यातील बेदाणा मांजराला घालून प्रयोग करू नये. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते.

यीस्ट घातलेले कच्चे पीठ पोटात फुगते व त्यातून मद्यार्क तयार होतो. कोंब आलेला, हिरवा पडलेला बटाटा वापरू नये. मका, शेंगदाणा, पेंड यांना बुरशीचा वास येत असेल तर ती जनावराला जशी नको तशी मांजरालाही नको, कारण अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही.

विकण्यासाठी खाऊ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाऊ टिकावा, मऊ राहावा म्हणून माणसांच्या पदार्थांत जी द्रव्ये चालतात ती मांजराला चालतीलच असे नाही. लोणची व सरबते टिकविण्यासाठी वापरले जाणारे बेंझोइक आम्लाचे क्षार मांजराचे शरीर फार सावकाश बाहेर टाकते. इसेन्स व रंग ज्यात विरघळवितात ते प्रोपिलीन ग्लायकॉल मांजराच्या रक्तात कांद्याप्रमाणेच हाइंझ बॉडी निर्माण करते, आणि अमेरिकेने १९९६ मध्ये मांजर-खाद्यात त्याच्या वापरास बंदी घातली. रंग, सुगंध यांची गरज मांजराला नाही.

खाऊ कसा करावा

कोंबडीचे पाव किलो बिनहाडाचे मांस घ्यावे. छातीपेक्षा तंगडीच्या मांसात टॉरिन अधिक असते, आणि दुकानात दिल मिळाले तर दोन-चार त्यात घालावेत. मीठ, हळद, तेल काहीही न घालता थोड्याच पाण्यात वीस मिनिटे चांगले शिजवावे. टॉरिन पाण्यात उतरते, त्यामुळे हे पाणी फेकू नये. ते गार करून चमचाभर मांजराला द्यावे किंवा आटवून मांसातच मुरवावे. मांसाचे नखाएवढे तुकडे करून मंद आचेवर जाड तव्यात परतून कोरडे करावेत. उन्हात वाळत घालू नये, माश्या बसतात व मांस नासते. वड्या हव्या असतील तर शिजलेले मांस वाटून, त्यात एक शिजविलेले अंडे व चमचाभर शिजलेला भात मिसळून थापाव्यात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकाव्यात. हा खाऊ शीतकपाटात तीन दिवस टिकतो. द्यावयाच्या वेळी किंचित कोमट करावा. उंदीर मारल्यावर जसा असतो तेवढा, म्हणजे अंगाइतका कोमट घास मांजर आवडीने खाते.

प्रमाण सांभाळावे. चार किलोच्या घरगुती मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. म्हणजे शिजलेल्या कोंबडीचे १२ ते १५ ग्रॅम किंवा उकडलेल्या अंड्याचा चौथा हिस्सा एवढेच. मांसाचा एक तुकडा हा काही समतोल आहार नव्हे, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते.

विषबाधेचा संशय आल्यास

मिठाचे पाणी, तेल, तूप किंवा दूध पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. मिठाच्या पाण्याने वेगळीच विषबाधा होते. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीही देऊ नये. मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची यंत्रणा फार तोकडी असल्याने ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. कोठीत झिंक फॉस्फाइडचे आमिष किंवा उंदीर मारण्याच्या वड्या टाकल्या असतील तर तेही पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला असण्याचा संभव असतो आणि त्यावरील उपचार वेगळे आहेत.

दवाखान्यात जाताना खाऊत काय काय घातले, किती खाल्ले, कधी खाल्ले आणि मांजराचे वजन अंदाजे किती, हे कागदावर लिहून न्यावे. तयार मसाला वापरला असेल तर त्याची पुडी सोबत घ्यावी, घटकांची यादी त्यावरच असते. मांजर लघवी मातीत करून झाकून टाकते, त्यामुळे तिचा रंग आपल्याला दिसत नाही. संशय असेल त्या दिवशी मांजर एका खोलीत ठेवून पसरट घमेल्यात मातीऐवजी कोऱ्या पांढऱ्या कागदाचे तुकडे टाकावेत. कागद तांबूस किंवा कॉफीच्या रंगाचा झाला तर सकाळची वाट न पाहता निघावे.